एक्स-रे म्हणतो नाही, सोनोग्राफी म्हणते असावा

प्रश्न : माझे यजमान ४४ वर्षांचे आहेत. गेल्या आठवड्यात पहाटे त्यांच्या उजव्या कुशीत एकदम कळ उठली. कळ जांघेपर्यंत उतरली, दोनदा उलटी झाली, बसता येईना की झोपता येईना. इंजेक्शन दिल्यावर थांबली. मुतखडा असणार, असं डॉक्टर म्हणाले. एक्स-रे काढला, तर त्यात काहीच नाही. सोनोग्राफीच्या रिपोर्टात लिहिलंय : उजव्या किडनीला सौम्य सूज, त्या बाजूची युरेटर वरच्या भागात फुगलेली, खडा दिसला नाही, डाव्या किडनीत ३ मिमीचं कॉन्क्रिशन. आता युरॉलॉजिस्ट सीटी करायला सांगतात. घरात प्रत्येकाचं वेगळं. सासऱ्यांचं पूर्वी आयव्हीपी (शिरेतून डाय सोडून किडनीचे एक्स-रे) झालं होतं, ते म्हणतात डाय सोडल्याशिवाय खरं कळत नाही. दीर म्हणतात, सीटीत रेडिएशन फार, त्यापेक्षा एमआरआय करा. आणि हे म्हणतात, दुखायचं थांबलं म्हणजे खडा पडून गेला, आता काहीच नको. एका खड्यासाठी इतक्या तपासण्या कशासाठी? सीटीच करायचा होता तर पहिल्याच दिवशी का नाही केला? आम्हाला उगाच फिरवताहेत का?
ता. क. काल रात्री यांना थोडी कणकण वाटत होती. गोळी दिली, उतरली.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ताजा कलमात टाकली आहे. युरेटर, म्हणजे किडनीतून लघवी खाली आणणारी नळी, खड्याने अडलेली असेल आणि वर तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले, तर ते रक्तात पसरायला फार वेळ लागत नाही. अशा वेळी कुठला स्कॅन सरस, ही चर्चा नंतरची. आधी तुंबलेली लघवी मोकळी करावी लागते, आतून स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालून किंवा पाठीतून किडनीत नळी टाकून. म्हणून सदराची वाट न पाहता तुम्हाला त्याच दिवशी निरोप पाठवला होता. तुमचं उत्तर आलं की ताप पुन्हा आलेला नाही, लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग नाही, थोडं रक्त आहे, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पांढऱ्या पेशी ठीक आहेत. छान. आता बाकीचं निवांत बोलता येईल.

इतर वाचकांनी मात्र एवढं लक्षात ठेवावं : कुशीतल्या कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी अजिबात होत नसेल, मुळात एकच किडनी असेल किंवा इंजेक्शनलाही कळ दाद देत नसेल, तर हे उत्तर वाचत बसू नका. तडक रुग्णालय गाठा.

तुम्हाला कुणी फिरवत नाहीये. सोनोग्राफी आधी आणि सीटी नंतर, हा क्रम बरोबर आहे. त्या एक्स-रेबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे, ते सांगतो.

एक्स-रेत खडा दिसतो तो त्यातल्या कॅल्शियममुळे. बहुतेक खडे कॅल्शियमचे असतात, म्हणून वाटतं की एक्स-रे पुरावा. प्रत्यक्षात तो निम्म्या ते तीन चतुर्थांश खड्यांपर्यंतच पोचतो. वेगवेगळ्या अभ्यासांत त्याची पकड ४४ ते ७७ टक्क्यांच्या दरम्यान आढळली आहे. युरिक ॲसिडचा खडा कितीही मोठा असो, साध्या एक्स-रेत दिसत नाही. तीन-चार मिलिमीटरचा कॅल्शियमचा खडा असला तरी तो मणक्याच्या बाजूच्या हाडावर किंवा माकडहाडाच्या वरच्या रुंद हाडावर नेमका येऊन बसला, की त्या पांढऱ्या रंगात हरवतो. आतड्यातला वायू आणि मळ मध्ये येतो ते वेगळंच. याच्या उलटही होतं. ओटीपोटातल्या शिरांमध्ये वयानुसार छोटे गोल कॅल्शियमचे ठिपके तयार होतात. त्यांचा लघवीशी काही संबंध नसतो, पण एक्स-रेत ते हुबेहूब युरेटरच्या खालच्या टोकाला अडकलेल्या खड्यासारखे दिसतात. तेव्हा पहिल्याच कळेला काढलेला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून खडा नाही असं होत नाही, आणि ठिपका दिसला म्हणून खडा आहेच असंही नाही. पुढे सीटी होणारच असेल, तर आधी एक्स-रे काढून फारसं हाती लागत नाही. एक्स-रेचा खरा उपयोग नंतर असतो. एकदा खडा कुठे आहे ते कळलं आणि तो एक्स-रेत दिसणारा आहे हेही कळलं, की तो किती खाली सरकला हे पाहायला दर वेळी सीटीची गरज राहत नाही.

आता सोनोग्राफी. तुमच्या पत्रातली सगळी गोंधळाची मुळं त्या एका रिपोर्टात आहेत, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

सोनोग्राफीच्या प्रोबमधून ध्वनिलहरी आत जातात आणि परत येतात. खडा किडनीत असेल तर काम सोपं असतं. तो पांढरा चमकतो, त्याच्या मागे काळी सावली पडते. कलर डॉपलर, म्हणजे हालचाल रंगात दाखवणारी सोनोग्राफीचीच सोय, लावला की खड्याच्या जागी रंगांची लुकलुक दिसते, तीही मदतीला येते. युरेटरचं वरचं टोक किडनीच्या आधाराने दिसतं. खालचं टोक लघवीची पिशवी भरलेली असेल तर पिशवीच्या पाण्यातून दिसतं. अडचण मधल्या भागाची. तो पोटात मागच्या बाजूला, आतड्यांच्या आड असतो आणि आतड्यात हवा असते. हवेतून ध्वनिलहरी पुढे जात नाहीत. वाफ धरलेल्या काचेतून पलीकडचं पाहण्यासारखं ते आहे. खडा नेमका तिथे असेल तर उत्तम मशीन आणि उत्तम हात असूनही 'खडा दिसला नाही' असंच लिहावं लागतं. युरेटरमधल्या खड्यांसाठी सोनोग्राफीची पकड साधारण ४५ टक्के धरली जाते. म्हणजे निम्म्याहून जास्त खडे तिला चुकतात. पण ती 'इथे खडा आहे' म्हणाली, तर ते बहुतेक वेळा खरं असतं.

म्हणून तुमच्या रिपोर्टात 'खडा दिसला नाही' या ओळीपेक्षा तिच्या आधीच्या दोन ओळींना जास्त वजन आहे. उजव्या किडनीला सूज आहे, युरेटर वरून फुगलेली आहे. रिपोर्टात सूज म्हणतात ती मार लागल्यावर येते तशी सूज नव्हे. लघवी तुंबल्यामुळे किडनीच्या आतली पोकळी ताणली गेली, असा तिचा अर्थ. कळ उजवीकडे, फुगवटा उजवीकडे, लघवीत रक्त. खाली कुठेतरी अडथळा आहे किंवा नुकताच होता, हे सोनोग्राफीने सांगून टाकलं आहे. खडा बोटाने दाखवता आला नाही, इतकंच. आणि सूज दिसली नसती तरी खडा नाही असं छातीठोकपणे म्हणता आलं नसतं. कळ सुरू झाल्यावर पहिल्या काही तासांत, किंवा शरीरात पाणी कमी असताना, किडनी फुगलेली दिसेलच असं नाही.

राहिलं डाव्या किडनीतलं ३ मिमीचं कॉन्क्रिशन, म्हणजे खड्यासारखा चमकणारा बारीक ठिपका. सोनोग्राफीच्या रिपोर्टांत हा शब्द इतका येतो की लोक तो मनाला लावून घेतात. किडनीतल्या रक्तवाहिनीची भिंत, चरबीचा बारीक ठिपका, असं काहीही या आकाराला पांढरं चमकू शकतं. खरा खडा असला तरी पाच मिलिमीटरच्या आतले खडे सोनोग्राफीत आहेत त्यापेक्षा मोठे मोजले जातात. शिवाय कळ उजवीकडे असताना डाव्या किडनीत शांत बसलेल्या ठिपक्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. तो आजच्या प्रसंगाचा आरोपी नव्हे. सीटीत त्याचा निकाल आपोआप लागेल.

पहिल्याच दिवशी सीटी का नाही, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. डॉक्टरांमध्येही यावर बराच वाद झालेला आहे. अमेरिकेत १५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत, मुतखड्याची शंका असलेल्या २,७५९ रुग्णांवर एक मोठा तुलनात्मक अभ्यास झाला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींची पहिली तपासणी तातडीच्या विभागातच केलेली सोनोग्राफी, काहींची रेडिओलॉजी विभागातली सोनोग्राफी, काहींची सीटी, आणि कुणाची काय हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. नुसत्या पहिल्या तपासणीत खडा पकडण्याचं पाहिलं तर सीटी स्पष्ट पुढे होता. पण रुग्णांच्या दृष्टीने जे महत्त्वाचं, म्हणजे गंभीर आजार नजरेतून सुटून त्याचा त्रास होणं, ते तिन्ही गट मिळून अर्ध्या टक्क्याहूनही कमी होतं आणि गटागटांत लक्षणीय फरक नव्हता. पुन्हा इमर्जन्सीत यावं लागणं, दुखणं, यांतही फरक पडला नाही. सोनोग्राफीने सुरुवात केलेल्यांना सहा महिन्यांत एकूण रेडिएशन मात्र कमी मिळालं. सोनोग्राफी गटातल्या बऱ्याच जणांना पुढे सीटी लागलाच. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांनी स्वतः सोनोग्राफी केली त्यांतल्या सुमारे ४१ टक्क्यांना, रेडिओलॉजी विभागात झाली त्यांतल्या २७ टक्क्यांना. म्हणजे उरलेले सीटीविना निभावले. तुमचे यजमान सीटी लागणाऱ्यांत आले, एवढंच. ते पहिल्या दिवशी कुणालाच सांगता आलं नसतं.

यात मी एक पुस्ती जोडेन. साठीच्या पुढच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आली, तर मला सीटी लवकर झालेला आवडतो. पोटातली महाधमनी फुगून फुटायला आली असेल तर ती कधी कधी मुतखड्याच्या कळेचंच सोंग घेऊन येते. तुमच्याकडे वय ४४ असल्याने हा प्रश्न तितका टोचत नाही.

मग आता सीटी करायचा का? माझं उत्तर : हो, एकदा, आणि साधा. साधा म्हणजे डाय न देता, कमी मात्रेचा, किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंतचा. कागदावर याला 'प्लेन सीटी केयूबी' किंवा 'एनसीसीटी केयूबी, लो डोस' असं लिहितात. इंजेक्शन नाही, फार तर दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायचा, मशीनवर मोजून काही मिनिटं. युरिक ॲसिडचे धरून जवळजवळ सगळे खडे यात दिसतात. एचआयव्हीवरच्या इंडिनाव्हिर नावाच्या जुन्या औषधाचे खडे हा प्रसिद्ध अपवाद, पण त्याचा तुमच्याशी संबंध नाही. पकड ९५ टक्क्यांच्या वर. आणि खडा नसलाच, अपेंडिक्स किंवा आणखी काही असलं, तर तेही यातच कळतं. सोनोग्राफी आणि एक्स-रे इथे फार मागे पडतात.

नुसता आहे की नाही एवढ्यासाठीच सीटी करायचा असता, तर मी इतका आग्रह धरला नसता. पुढे काय करायचं हे ज्या गोष्टींवर ठरतं, त्या सीटीतच नीट मोजता येतात. पहिली गोष्ट जागा. युरेटर तीन ठिकाणी अरुंद असते : किडनीतून निघते तिथे, कमरेत मोठ्या रक्तवाहिन्यांवरून जाते तिथे आणि पिशवीत शिरते तिथे. शेवटच्या टोकाला आलेला खडा पडून जाण्याची शक्यता वरच्यापेक्षा पुष्कळ जास्त. दुसरी गोष्ट आकार. पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे दर तीनांत दोन या प्रमाणात आपोआप पडतात, पाच ते दहा मिलिमीटरचे निम्म्याहून थोडे कमी. त्यामुळे साडेचार आणि साडेसहा यांत वागणूक बदलते, आणि सोनोग्राफीचं माप इथे भरवशाचं नाही. तिसरी गोष्ट खड्याची घनता. ती हाउन्सफिल्ड युनिटमध्ये सांगतात. सीटीची यंत्रणा उभी करून १९७९ चं नोबेल मिळवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या नावाने ते एकक आहे. आकडा हजाराच्या वर असला की खडा कठीण, बाहेरून लहरींनी फोडण्याची लिथोट्रिप्सी त्यावर कमी चालते. आकडा चारशे-पाचशेच्या आत असेल तर युरिक ॲसिडचा संशय बळावतो, आणि हा एकच नेहमी आढळणारा खडा असा आहे की लघवीची आम्लता औषधाने कमी केली तर तो विरघळू शकतो. तुमच्या यजमानांचा एक्स-रे स्वच्छ आहे, त्यामुळे मला या आकड्याची विशेष उत्सुकता आहे. काही केंद्रांत ड्युअल-एनर्जी सीटी असतो, तो युरिक ॲसिडचा खडा आणि कॅल्शियमचा खडा आणखी खात्रीने वेगळे करतो. असला तर उत्तम, नसला तर साधा पुरे.

रेडिएशनची दिरांची काळजी खोटी नाही, पण तिला आकडे लावून पाहू. पृथ्वीवर राहणाऱ्या माणसाला माती, हवा, आकाश यांतून दर वर्षी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट किरणोत्सार तसाही मिळतच असतो. पोटाच्या साध्या एक्स-रेला अर्धा ते एक मिलिसीव्हर्ट लागतो. पूर्ण मात्रेच्या सीटीत केंद्रानुसार पाच ते दहा, कधी त्याहून जास्त. कमी मात्रेचा सीटी तीनच्या आसपास किंवा खाली राहतो, चांगल्या केंद्रात एक-दोनवरही भागतो. म्हणजे निसर्गाकडून वर्षभरात मिळतं तेवढंच. मात्रा कमी केली तर खडा निसटतो का? बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० च्या आत असलेल्या लोकांत केलेल्या एका अभ्यासात युरेटरमधले तीन मिलिमीटरहून मोठे सगळे खडे कमी मात्रेतही सापडले, त्याहून बारीक असलेल्यांपैकी ८६ टक्के. वजन फार असेल तर मात्र चित्र दाणेदार येतं, मग थोडी मात्रा वाढवावी लागते. हे केंद्रातल्या रेडिओलॉजिस्टला ठरवू द्या.

काळजी करायची ती या एका सीटीची नव्हे, पुढच्या सातव्या-आठव्या सीटीची. मुतखडा पुन्हा पुन्हा होणारा आजार आहे. दर कळेला, दर गावी, दर नव्या डॉक्टरकडे नवा सीटी, अशी माणसं असतात, आणि त्यांच्या बाबतीत बेरीज खरंच मोठी होते. म्हणून हा सीटी झाला की त्याची सीडी जपून ठेवा, नुसता रिपोर्ट नव्हे. पुढच्या वेळी कुणी सीटी म्हणालं तर आधी ती दाखवा.

एमआरआयबद्दल दिरांना सांगा की हेतू चांगला, निवड चुकली. एमआरआय शरीरातल्या पाण्याचं आणि चरबीचं चित्र काढतो. खड्यात त्याला पकडायला काहीच नसतं, म्हणून खडा नुसती काळी पोकळी म्हणून दिसतो. रक्ताची गाठ, हवेचा बुडबुडा, तेही तसेच दिसतात. किडनी फुगली आहे हे तो फार सुंदर दाखवतो, पण ते आपल्याला सोनोग्राफीने आधीच सांगितलंय. बारीक खडे त्याला हमखास चुकतात. गरोदर बाईला कळ आली आणि सोनोग्राफीत उलगडा झाला नाही, तर पुढची पायरी म्हणून एमआरआयला जागा आहे. गरोदरपणात उजवी किडनी खड्याविनाही फुगते, त्यामुळे तिथे सगळंच अवघड असतं. लहान मुलांतही सोनोग्राफीच पहिली, आणि शक्य तोवर तिच्यावरच भागवायचं.

सासऱ्यांचं म्हणणं त्यांच्या काळात शंभर टक्के खरं होतं. शिरेतून आयोडीनचं औषध सोडून किडनी आणि युरेटरची फिल्म काढायची पद्धत १९२९ पासून रुळली आणि जवळपास पासष्ट वर्षं मुतखड्याच्या निदानात तिचा शब्द अखेरचा होता. आदल्या दिवशी पोट साफ करायचं, मग डाय, मग पाच मिनिटांची फिल्म, पंधरा मिनिटांची, अडथळा असेल तर काही तासांनंतरची. आयव्हीपी झालेल्या माणसाला तो दिवस आठवतो. १९९५ मध्ये अशाच कळेच्या रुग्णांत साधा सीटी आणि आयव्हीपी शेजारी शेजारी ठेवून पाहिले गेले. अडथळा दोन्हींना कळला, पण खडा स्वतः दाखवण्यात सीटी सरस ठरला, तोही इंजेक्शनशिवाय. तिथून आयव्हीपी मागे पडत गेलं. डायची गरज आजही पडते, पण वेगळ्या प्रश्नांसाठी : किडनीच्या रचनेत काही जन्मजात वेगळेपण आहे का, लघवीत रक्त येतंय पण खडा नाही मग गाठ आहे का, शस्त्रक्रियेआधी आतल्या वाटा कशा आहेत. तेव्हा डायसह सीटी युरोग्राफी करतात.

खडा शोधायला गेलेल्या माणसाला डाय दिला तर उलट घोटाळा होऊ शकतो. डाय काही मिनिटांत लघवीत उतरतो आणि सीटीत पांढरा दिसतो. खडाही पांढरा. पांढऱ्यात पांढरं. म्हणून तुमच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते एकदा वाचून पाहा. 'सीटी ॲब्डोमेन विथ कॉन्ट्रास्ट' असं असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा की खड्यासाठी साधा पुरणार नाही का. कदाचित त्यांच्या मनात दुसरी शंका असेल, तर ते सांगतील. नुसती सवयीने लिहिलेली ओळ असेल, तर बदलून देतील. या प्रश्नाचा राग येणारा डॉक्टर मला तरी कळत नाही.

आता यजमानांकडे वळू, कारण खरी समजूत त्यांचीच घालायची आहे. दुखायचं थांबलं म्हणजे खडा पडला, असं नेहमी नसतं. कळ येते ती नळीवर आणि किडनीवर अचानक ताण पडल्यामुळे. काही काळाने किडनी स्वतःच लघवी कमी गाळू लागते, दाब उतरतो, दुखणं थांबतं. खडा मात्र तिथेच. हा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तो गप्प असतो. अडथळा महिना-दीड महिन्यापलीकडे तसाच राहिला तर किडनीचं कायमचं नुकसान व्हायला लागतं, आणि दुसरी किडनी चांगली असल्याने क्रिएटिनिन बिचारं नॉर्मलच दिसत राहतं. त्यांचं क्रिएटिनिन ठीक आहे, ही चांगली बातमी आहे. उजवी किडनी मोकळी झाली, याचा तो पुरावा नाही.

त्यांना सीटी अगदीच नको असेल, तर एक मधला मार्ग आहे. ताप नाही, दुखणं नाही, रक्त-लघवी ठीक, म्हणून तो मला मान्य आहे. आठवड्याभरात भरल्या पिशवीने पुन्हा सोनोग्राफी करायची. या वेळी रेडिओलॉजिस्टला आधीचा रिपोर्ट दाखवून युरेटरच्या खालच्या टोकाकडे मुद्दाम पाहायला सांगायचं. दोन्ही बाजूंनी पिशवीत लघवीच्या पिचकाऱ्या पडताना डॉपलरमध्ये दिसतात. उजवीकडची पिचकारी येतच नसेल तर वाट अजून बंद असावी. सूज पूर्ण उतरली आणि दोन्ही पिचकाऱ्या नीट दिसल्या, तर खडा पडून गेला असं मानून सीटी टाळता येईल. सूज तशीच असेल तर मग मात्र घासाघीस नको. तोवर लघवी गाळणीतून करायला सांगा, गाळणीत वाळूच्या कणाएवढं काही सापडलं तरी टाकू नका, प्रयोगशाळेत द्या. खडा कशाचा हे कुठल्याही स्कॅनपेक्षा तो कण अधिक खात्रीने सांगतो.

मला विचाराल तर मी सीटीच करेन. पहिलाच प्रसंग, किडनी फुगलेली, एक्स-रे कोरा, आणि खडा कुठे आहे याचा पत्ता नाही. एका साध्या सीटीने पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

जाताना जुना एक्स-रे आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट बरोबर असू द्या. पिशवी मध्यम भरलेली असली तर बरं. खडा अगदी पिशवीच्या तोंडाशी दिसला तर तंत्रज्ञ त्यांना पालथं झोपवून थोडा भाग पुन्हा घेतील. पिशवीत पडलेला खडा पालथं झाल्यावर पुढे घरंगळतो, नळीत अडकलेला जागीच राहतो. रिपोर्टात नुसतं 'राइट युरेटरिक कॅल्क्युलस' असं न येता मिलिमीटरमधलं माप, जागा, घनतेचा आकडा आणि सूज किती हे सगळं यायला हवं. आणखी एक विचारा : सीटीच्या सुरुवातीला एक साधं लांबट चित्र घेतात, एक्स-रेसारखं. खडा त्या चित्रात दिसतोय का? दिसत असेल तर पुढचा पाठपुरावा एक्स-रेवर होईल. दिसत नसेल, आणि तुमच्या कोऱ्या एक्स-रेवरून मला तसंच वाटतंय, तर सोनोग्राफीवर.

सीटीत खडा सापडलाच नाही आणि उजवी किडनी अजून किंचित फुगलेली, भोवतीची चरबी थोडी विस्कटलेली असं आलं, तर यजमानांचं म्हणणं खरं ठरलं असं समजा. खडा बहुधा एक-दोन दिवसांपूर्वीच पडून गेला आहे. तरी महिन्याभराने एक सोनोग्राफी करून सूज पूर्ण उतरल्याचं पाहून घ्या. तेव्हाही उतरली नसेल, तर अडथळ्याचं कारण खड्याखेरीज काही आहे का, ते शोधावं लागेल. डायचा सीटी लागलाच तर तो त्या वेळी लागेल.